गळा कुणाचा, तोंड कुणाचं? संगीत नाटकाचा पिक्चर होताना हिरो कसा ठरतो

२०२५ च्या जानेवारीत 'संगीत मानापमान'चा पिक्चर आला, सुबोध भावेंनी डायरेक्टही केला आणि त्यातला हिरो सेनापती धैर्यधरही स्वतःच केला, आणि तेव्हापासून आमच्याकडं बेळगावात चार गाणंवेडी माणसं एकत्र बसली की एक वाद ठरलेला. एवढे गाणारे पडलेत, मग धैर्यधर गाणाराच का नाही घेतला? २०१५ ला 'कट्यार काळजात घुसली'च्या वेळी त्यातल्या खानसाहेब ह्या गवयाच्या कामावरनं हाच वाद झाला होता. आणि हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका, इंग्रजी पिक्चरवाल्यांत तर हे भांडण साठ वर्षांपूर्वी ऑस्करपर्यंत गेलंय.

दोन्ही बाजूची माणसं तावातावानं बोलतात, पण मधली एक साधी गोष्ट सुटते. नाटकातला हिरो आणि पिक्चरमधला हिरो ह्या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. पात्राचं नाव तेच, पोशाख तोच, गाणंही तेच, पण माणसाकडनं जे काम करून घ्यायचंय ते वेगळं. हे एकदा लक्षात आलं की 'अमक्याला का नाही घेतलं' ह्याचं निम्मं उत्तर तिथंच मिळतं. उरलेलं निम्मं पैशाचं आहे, तेही सांगतो.

आधी नाटकातला हिरो बघू

मराठी नाटकाची सुरुवात आपण १८४३ ची धरतो, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेलं सीतास्वयंवर. त्याच्या आधी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते आणि ते बघूनच तसं काहीतरी मराठीत करा असं भाव्यांना सांगण्यात आलं, म्हणजे सुरुवातच मुळात सीमेच्या अलीकडं-पलीकडं करत झालेली आहे (हे हल्ली दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना फारसं आवडत नाही, पण आहे ते आहे). तर त्या नाटकांत पदं म्हणायचा सूत्रधार. राम रुसलाय, सीता रडतेय, रावण ओरडतोय, सगळ्यांचं गाणं सूत्रधाराच्या गळ्यातनं, आणि पात्रं आपली हावभाव करणार आणि मग गद्यात मनाचंच काहीतरी बोलणार.

हे मोडलं आपल्याच जिल्ह्यातल्या माणसानं. अण्णासाहेब किर्लोस्कर, जन्म १८४३ चाच, गाव गुर्लहोसूर, मलप्रभेच्या काठचं. काही काळ बेळगावात नोकरीही केली त्यांनी. १८८० साली पुण्यात त्यांनी 'शाकुंतल' केलं आणि त्यात ज्याचं गाणं त्यानंच गायचं असं ठरवलं. दुष्यंताचं पद दुष्यंतच म्हणणार. आज आपल्याला ह्यात काय मोठं असं वाटेल, पण ह्या एका निर्णयानं पुढची पन्नास वर्षं मराठी रंगभूमीवर हिरो कोण होणार हे ठरून गेलं. गळा असेल तो हिरो, बाकीचं मग बघू.

बाकीचं म्हणजे किती बाकीचं, तर वय, उंची, अंगलोट, अगदी बाई की पुरुष हेसुद्धा. भाऊराव कोल्हटकर 'सौभद्र'मध्ये सुभद्रा करायचे. बालगंधर्व 'मानापमान'ची हिरॉइन भामिनी करायचे आणि नऊवारी नेसायची कशी हे बायका त्यांच्याकडं बघून शिकायच्या. शेवटच्या रांगेतल्या माणसाला नाक-डोळे काय दिसतायत, त्याला आवाज पोचला पाहिजे, आणि माईक तर नव्हताच. म्हणून मग उंच पट्टीचे, खणखणीत, लांबनं टोचणारे आवाज. केशवराव भोसल्यांचा आवाज तसा. त्यांची ललितकलादर्श कंपनी १९०८ साली निघाली ती हुबळीत, पुण्या-मुंबईत नव्हे. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी असा संयुक्त मानापमान झाला, तेव्हा लोक गोष्ट बघायला गेले नव्हते, दोन गळे एका स्टेजवर ऐकायला गेले होते.

आणि वन्स मोअर. पब्लिकला आवडलं की तेच पद परत, परत आणि अजून एकदा. मूळ 'मानापमान' १९११ चं, त्यात पन्नासच्या आसपास पदं, त्यात हे वन्स मोअर, म्हणजे नाटक पहाटेपर्यंत जाणारच. दर खेळाला त्याच माणसानं उभं राहून हे सगळं ओढायचं. नाटकातल्या हिरोची नोकरी ही अशी.

पिक्चरमध्ये गाणं आधी होतं, हिरो नंतर येतो

आता सिनेमा कसा करतात बघा. गाणं आधी स्टुडिओत रेकॉर्ड होतं, शूटिंगच्या कितीतरी आधी. गायक हेडफोन लावून माईकसमोर उभा, एकेक ओळ दहा-दहा वेळा घेतो, चांगले तुकडे निवडून जोडले जातात. मग शूटिंगच्या दिवशी तेच गाणं सेटवर स्पीकरवर लावतात आणि नट त्यावर ओठ हलवतो. ह्यालाच प्लेबॅक म्हणतात, आपल्या पुस्तकी भाषेत पार्श्वगायन. आपल्याकडं १९३५ पासून हे सुरू झालं, त्याच्या आधी पिक्चरमध्येही नटच गायचा.

म्हणजे लग्नाचा स्वयंपाक आचाऱ्यानं करायचा आणि पंगतीत वाढायला मात्र घरचे जावईबापू उभे, तसं आहे हे. जेवणारा चव घेतो आचाऱ्याच्या हाताची आणि लक्षात ठेवतो जावयाचा चेहरा.

पण ह्यातली खरी गोम लोकांच्या ध्यानात येत नाही. नट सेटवर येतो तेव्हा अर्धी ॲक्टिंग होऊन गेलेली असते. ओळीत कुठं थांबायचं, कुठला शब्द दाबायचा, कुठं आवाज चिरका करायचा, राग आहे की रडू आहे, हे सगळं गायकानं चार महिन्यांपूर्वी स्टुडिओत ठरवून टाकलंय. नटाला ते बदलता येत नाही, त्याला फक्त त्यात घुसता येतं. त्यामुळं संगीत नाटकाच्या पिक्चरमध्ये एका पात्रासाठी दोन माणसं निवडायची असतात, आणि पोस्टरवर एकाचाच फोटो असला तरी दुसऱ्याची निवड जास्त अवघड असते असं माझं मत.

कॅमेऱ्याला वय दिसतं

नाटकात पहिली रांगसुद्धा दहा-पंधरा फुटांवर असते. कॅमेरा नाकाजवळ येतो. पडदाभर नुसता चेहरा दाखवतात त्याला क्लोज-अप म्हणतात, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे, पण त्याचा परिणाम काय होतो हे बालगंधर्वांच्या गोष्टीतनं कळतं.

१९३५ साली प्रभातनं, म्हणजे शांतारामबापूंनी, बालगंधर्वांना घेऊन 'धर्मात्मा' काढला. त्यात ते संत एकनाथ. (आधीचं नाव होतं 'महात्मा', सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले म्हणून बदलावं लागलं.) मराठी रंगभूमीवरचा सगळ्यात लाडका गळा पहिल्यांदा पडद्यावर, अजून काय पाहिजे? पण जमलं नाही म्हणावं तसं. लोकांनी त्यांना आयुष्यभर शालू-शेल्यात बघितलेलं, आता पुरुषाच्या वेषात बघायचं. मग १९३७ ला 'साध्वी मीराबाई' केला, त्यात स्वतः मीराबाई, वय पन्नाशीला टेकलेलं. तो तर पडलाच. स्टेजवर अंतर, उजेड आणि आवाज मिळून जी जादू होत होती ती लेन्सनं धुऊन काढली. आणि वन्स मोअर कुणाला देणार? समोर कापडाचा पडदा. ज्या माणसाचं गाणं पब्लिकच्या श्वासावर वाढत जायचं त्याला रिकाम्या सेटवर तीन मिनिटांत आटपा म्हटल्यावर काय होणार.

अमेरिकेत हे अगदी अलीकडं झालं. 'डिअर एव्हन हॅन्सन' नावाचं संगीत नाटक, त्यात शाळेतल्या पोराचं काम बेन प्लॅटनं २०१६ ला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या नाटक थिएटरांत केलं, टोनी हे तिथलं नाटकाचं मोठं अवॉर्ड मिळवलं, डोक्यावर घेतलं लोकांनी. २०२१ ला पिक्चर आला, त्यातही तोच. तोवर तो सत्तावीसच्या घरात. गळा तोच, गाणी तीच, ॲक्टिंगही तीच, आणि लोक हसले, कारण बाकावर बसलेला शाळकरी पोरगा चांगला बाप्या दिसत होता.

म्हणजे नाटकातला माणूस घ्यायचाच नाही का? तसंही नाही. युल ब्रिनरनं 'द किंग अँड आय' १९५१ ला स्टेजवर केलं, १९५६ च्या पिक्चरमध्येही तोच राजा, आणि ऑस्कर घेतलं. बार्ब्रा स्ट्रायसँडचं 'फनी गर्ल' तसंच, स्टेजवर १९६४, पिक्चर १९६८, ऑस्कर. हे दोघं कॅमेरा जवळ आल्यावर लहान होऊ शकले. स्टेजवर हात वर करायचा तिथं पडद्यावर भुवई पुरते, हे ज्याला जमतं त्याचा प्रश्नच नाही. ते स्टेजवर बघून सांगता येत नाही, स्क्रीन टेस्ट घ्यावीच लागते.

'पण ज्यानं नाटक गाजवलं त्याच्यावर हा अन्याय नाही का?'

कधी कधी आहे, सरळ आहे. आणि त्याचं कारण कला नसून पैसा असतो.

आपली 'ती फुलराणी' सगळ्यांना माहीत आहे, पुलंनी १९७५ ला केली, भक्ती बर्वेंनी अजरामर केली. ती ज्या बर्नार्ड शॉच्या नाटकावरनं घेतली त्याच नाटकावरनं ब्रॉडवेवर १९५६ ला 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक झालं. फुलराणीच्या जागी ज्युली अँड्र्यूज, प्रोफेसरच्या जागी रेक्स हॅरिसन. तुफान चाललं. मग वॉर्नर ब्रदर्सच्या जॅक वॉर्नरनं पिक्चर करायचा ठरवला, पैसा पाण्यासारखा ओतायचा होता, आणि ज्युली अँड्र्यूजनं तोवर एकही पिक्चर केलेला नव्हता. न्यूयॉर्कच्या बाहेर हिला कोण ओळखतंय, असा त्याचा हिशेब. त्यानं ऑड्री हेपबर्नला घेतलं. ऑड्रीनं बिचारीनं गाण्याचा रियाज केला, रेकॉर्डिंगही केलं, पण शेवटी जवळजवळ सगळी गाणी मार्नी निक्सन नावाच्या गायिकेच्या आवाजात गेली.

१९६४ ला पिक्चर आला, आठ ऑस्कर मिळाले, रेक्स हॅरिसनलाही मिळालं. ऑड्रीला साधं नॉमिनेशन नाही. आणि त्या वर्षी बेस्ट ॲक्ट्रेस कोण, तर ज्युली अँड्र्यूज, 'मेरी पॉपिन्स'साठी, जो पिक्चर करायला ती मोकळी होती कारण वॉर्नरनं तिला घेतलं नव्हतं. गोल्डन ग्लोब घेताना तिनं जाहीरपणे जॅक वॉर्नरचे आभार मानले. असा टोला आपल्या कुठल्या नटीनं मारलेला मला तरी आठवत नाही.

हा किस्सा सांगून लोक म्हणतात, बघा, वॉर्नर येडा. पण त्याच्या खुर्चीत बसून बघा की. नाटकाला रोज एक थिएटर भरलं की भागतं. पिक्चर एकाच शुक्रवारी सगळ्या गावांत लागतो आणि सोमवारपर्यंत निकाल. आमच्याकडंच बघा, मराठी पिक्चरला बेळगावात एखाद-दुसरा शो मिळतो, तोही दुपारच्या अडनिड्या वेळेला, आणि समोर कन्नड, हिंदी, तेलुगू सगळे उभे. अशात निपाणीचा किंवा खानापूरचा माणूस पोस्टर बघून तिकीट काढणार तर ओळखीच्या तोंडावरच काढणार ना. गायकाचं नाव कानाला माहीत असतं, चेहरा पोस्टरवर ओळखू येतोच असं नाही. हे मला पटतं का? पूर्ण नाही. पण प्रोड्युसर मूर्ख असतो असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

'दुसऱ्याचा आवाज म्हणजे लोकांना फसवणंच की'

हा आक्षेप आमच्याकडच्या जुन्या लोकांचा आवडता. त्यांना मी एवढंच विचारतो, मग विष्णुदास भाव्यांचा सूत्रधार काय करत होता? पात्र पुढं, गळा मागं, हीच तर मराठी नाटकाची मूळ पद्धत. किर्लोस्करांनी गळा पात्राला दिला, सिनेमानं तो परत मागं नेला. फरक एवढाच की सूत्रधार सगळ्यांसमोर उभा असायचा, कुणाचा आवाज आहे ते दिसत होतं.

म्हणून फसवणूक कुठं सुरू होते, तर नाव लपवलं की. मार्नी निक्सननं 'द किंग अँड आय', 'वेस्ट साइड स्टोरी' आणि 'माय फेअर लेडी' अशा तीन मोठ्या पिक्चरच्या हिरॉइनींना आवाज दिला आणि तेव्हा पडद्यावर तिचं नाव कुठंच आलं नाही. 'वेस्ट साइड स्टोरी'त तर नॅटली वूड आपलाच आवाज वापरणार ह्या समजुतीत गाणी रेकॉर्ड करत राहिली होती. ही झाली फसवणूक, पब्लिकचीही आणि त्या दोघींचीही.

आपल्याकडं हे बरंच सरळ आहे. लताबाई-आशाबाईंच्या नावावर पिक्चर चालले. 'बालगंधर्व' पिक्चरमध्ये २०११ ला सुबोध भावे दिसले आणि आनंद भाटे गायले, सगळ्या गावाला माहीत होतं आणि भाट्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. 'कट्यार'मध्ये तरुण शिष्य सदाशिवाचं तोंड सुबोध भाव्यांचं, गळा महेश काळ्यांचा, त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार. खानसाहेब दिसले सचिन पिळगावकर, गायले राहुल देशपांडे, म्हणजे १९६७ च्या मूळ नाटकात ज्यांनी खानसाहेब उभा केला त्या वसंतराव देशपांड्यांचे नातूच. बरं राहुल देशपांडे आणि महेश काळे दोघंही ही कामं नव्यानं आलेल्या 'कट्यार' नाटकात स्टेजवर करत होते, तिथं गाणंही त्यांचंच आणि ॲक्टिंगही त्यांचीच. पिक्चर करताना तोंडं बदलली, गळे तेच ठेवले. मला हा निर्णय हुशारीचा वाटतो. तोंड बदललं तर पब्लिक आठवड्यात विसरतं, 'कट्यार'मध्ये गळा बदलला असता तर माफ केलं नसतं.

बिघडतं कुठं, तर श्वासात

आवाज दुसऱ्याचा आहे म्हणून काम पडत नाही. अंग आवाजाबरोबर चालत नाही म्हणून पडतं. बहुतेक लोक नटाचे ओठ बघतात, ओठ जुळले की झालं. ओठ जुळवणं सगळ्यात सोपं आहे हो, आठ दिवसांत जमतं.

गाणारा माणूस जवळनं बघितलाय का कधी? बेळगावातल्या शहापूर-वडगावकडं अजून घरगुती भजनं-बैठका होतात, तिथं पेटीच्या शेजारी बसायला मिळालं तर बघा. तान घ्यायच्या आधी माणूस नाकानं श्वास ओढतो आणि खांदे वर जात नाहीत, पोट बाहेर येतं. आकार लावला की खालचा जबडा सैल पडतो. लांब तान असेल तर शेवटी शेवटी मानेची शीर दिसायला लागते आणि आवाज मात्र मोठा होत नाही, बारीक होतो. हात कुठं तरी शोधत असतो, आणि समेवर यायच्या अर्ध्या मात्रेआधी डोळे तबलजीकडं जातात. सम म्हणजे तालाचा पहिला ठोका, तिथं दोघांना एकत्र पडायचं असतं. आणि तान संपल्यावर लगेच पुढचा शब्द येत नाही, एक क्षण माणूस रिकामा होतो.

आता पिक्चरमधला नट बघा. तान चाललीय दहा सेकंदांची आणि साहेब मान डोलावून हसतायत, श्वास कुठं घेतला पत्ता नाही, जबडा चघळल्यासारखा हलतोय. तिथं आपल्याला कळतं, काय चुकलं ते सांगता येत नाही पण कळतं. 'कट्यार'मध्ये सचिनजींच्या डोळ्यातला मत्सर मला फार आवडला, पण काही लांब तानांत मानेवर ताण दिसला नाही म्हणजे नाही. कुणाला वेगळं वाटलं असेल, असू दे.

ह्याचं टोक बघायचं तर आमच्या जत्रेत या. खानापूर भागात गावोगावी जत्रेला नाटकं होतात, स्त्री-पात्रं बाहेरनं आणतात, मास्तर येऊन नाटक बसवतो, आणि हिरोचं काम बऱ्याच ठिकाणी ज्यानं वर्गणी जास्त दिली त्याला. गळा असो नसो. पूर्वी पेटी-तबला असायचा तेव्हा गळा नसलेल्या हिरोची फार पंचाईत व्हायची, आता गाणं मोबाईलवर लावतात आणि हा ओठ हलवतो. एका गावात असंच चाललं होतं, हिरो गुडघ्यावर बसून हात वर करून गातोय आणि मधेच कुणाचा तरी फोन आला. गाणं बंद, स्पीकरवर रिंगटोन, आणि हिरो तोंड उघडं ठेवून तसाच बसलेला, त्याला कळेना मिटायचं का नाही. मागनं कुणीतरी ओरडलं, "उचल की रे, सासऱ्याचा आसंल!" पुढचा सीन मरणाचा होता, तोही लोकांनी हसतच बघितला.

'मग गाणाऱ्यालाच ॲक्टिंग शिकवा की'

शिकवतात, आणि जमतंही, पण सगळ्यांना नाही. शंकर महादेवननी 'कट्यार'मध्ये खानसाहेबाच्या समोरचा गवई, पंडितजी, केला, ते त्यांचं पहिलंच काम, आणि गाताना अंग कसं चालावं हा प्रश्नच आला नाही. पण पंडितजी हे शांत पात्र आहे. खानसाहेबासारखं जळणारं, खुनशी, मग पस्तावणारं पात्र नवख्याला झेपेल का, हा धोका होता. राहुल देशपांड्यांनी पुढं 'मी वसंतराव'मध्ये आजोबांचं काम स्वतः केलं, गायलेही स्वतः, त्याच्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ते बघून 'कट्यार'लाच का नाही असं वाटतं खरं, पण २०१५ साली हे कुणाला माहीत होतं?

उलटं उदाहरण आपल्या कन्नड शेजाऱ्यांकडं आहे. राजकुमार, अण्णावरू, हे नाटक कंपनीतनंच आले, गुब्बी कंपनीत तयार झालेले. तरीसुद्धा पिक्चरमध्ये कितीतरी वर्षं त्यांना पी. बी. श्रीनिवासांचा आवाज होता. १९७४ ला 'संपत्तिगे सवाल' आला, तो मुळात उत्तर कर्नाटकातल्या धुत्तरगींच्या कंपनी नाटकावरचा, त्यात ते स्वतः म्हशीवर बसून गायले आणि त्यानंतर स्वतःच गात राहिले. पुढं 'जीवन चैत्र'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो गायक म्हणून, नट म्हणून नव्हे. आमच्या गल्लीत मराठी-कन्नड काहीही चाललेलं असू दे, ते म्हशीवरचं गाणं सगळ्यांना पाठ आहे.

म्हणजे नटाला गाणं शिकवणं सोपं की गायकाला ॲक्टिंग? माझ्या मते पात्र किती गातं त्यावर आहे. गाणं हा त्याचा धंदाच असेल, गवई असेल, तर गायक घ्या आणि डायरेक्टरनं वर्षभर त्याच्यावर मेहनत घ्या. पात्र सैनिक आहे, सेनापती आहे, प्रेमात पडून गातंय, तर नट चालेल, पट्टीचा गळा मागं उभा करा. धैर्यधर ह्या दुसऱ्या खान्यात बसतो. आणि तसंही धैर्यधर कधी एकाचा नव्हताच, मास्टर दीनानाथांनी तीच पदं गोविंदराव टेंब्यांच्या चालीवरनं उचलून आपल्या आक्रमक ढंगात अशी गायली की लोक त्यालाच मूळ समजायला लागले.

सेटवरच गाऊ दे, आणि ऑटोट्यून

लाईव्ह गाणं म्हणजे शूटिंग करतानाच नटानं गायचं. रेक्स हॅरिसननं 'माय फेअर लेडी'त हट्टच धरला होता, त्याच्या टायमध्ये बारीक वायरलेस माईक लपवावा लागला. २०१२ च्या 'ले मिझेराब्ल'मध्ये सगळ्यांना सेटवर गायला लावलं, नटाच्या कानात बारीक इअरपीस, बाजूला पियानो वाजवणारा, आणि नट थांबला की पियानो थांबणार, ऑर्केस्ट्रा नंतर भरायचा. ॲन हॅथवेला त्यावर ऑस्कर मिळालं आणि रसेल क्रोला लोकांनी धू धू धुतलं. पद्धत एकच, गळे वेगळे. 'विकेड'मध्येही सिंथिया एरिव्हो बरंचसं सेटवरच गायली.

आपल्या रागदारीला हे अवघड पडतं. तिथं तबला नंतर भरू म्हणून चालत नाही, कारण गाणारा आणि तबलजी एकमेकांना बघून चालतात. एकाच सीनचे दहा टेक घेतले तर दहा वेळा तान वेगळी येणार, मग एका टेकमधला क्लोज-अप आणि दुसऱ्यातला लांबचा शॉट जोडायचा कसा? करता येईल, चार कॅमेरे लावून सगळं एकदमच शूट करावं लागेल. खर्चिक आहे, पण एकदा कुणीतरी करून बघावं.

ऑटोट्यूनबद्दल थोडक्यात. ते बेसूर आवाज सुरात ओढणारं सॉफ्टवेअर आहे. सूर दुरुस्त होतो, श्वास दुरुस्त होत नाही. आणि मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, ती नाट्यसंगीतात पदोपदी असते, नीट बघून वापरलं नाही तर हे सॉफ्टवेअर त्या घसरणीच्या पायऱ्या करून टाकतं.

उद्या 'शारदा'चा पिक्चर करायचा झाला तर

देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ चं. देवल मूळ सांगलीजवळच्या हरिपूरचे, शिकले बेळगावात, किर्लोस्करांच्याच हाताखालचे. गोष्ट म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या लहान मुलीची. स्टेजवर हे काम तयार गळ्याच्या पोरांनी-पुरुषांनी केलं, पुढं मोठ्या बायकांनी केलं, चाललं, कारण गळा आधी.

पिक्चरमध्ये हे काम विशीतल्या हिरॉइनला दिलं तर नाटकच मेलं, कारण ती लहान आहे हाच तर सगळा मुद्दा. आणि तेरा-चौदा वर्षांची मुलगी घेऊन तिला चाळिशीतल्या नामवंत गायिकेचा आवाज लावला तर अजून वाईट, आवाजालाही वय असतं, डोळे मिटून ऐकलं तरी कळतं. म्हणजे इथं तोंड आणि गळा वेगळे करायची सोयच नाही. स्टार नाही, पोस्टरला चेहरा नाही, प्रोड्युसर पहिल्या मीटिंगला उठून जाणार. स्पीलबर्गनं 'वेस्ट साइड स्टोरी' परत केला तेव्हा खुली ऑडिशन ठेवून शाळेत शिकणारी रेचल झेग्लर शोधून काढली, तसंच करावं लागेल, फक्त त्याच्याइतका पैसा नसताना.

मी असतो तर ऑडिशन मुंबईत ठेवली नसती. टिळकवाडीत, शहापुरात, खाली धारवाडपर्यंत संध्याकाळच्या क्लासला तानपुरा लावून बसणाऱ्या पोरी आहेत, घरात मराठी, शाळेत कन्नड, मोबाईलवर हिंदी. त्यांचे उच्चार थोडे आमच्यासारखे येतील, ते बसवून घेता येतात. आधी नुसता आवाज रेकॉर्ड करून मागवायचा, फोटो नको म्हणून सांगायचं. त्यातनं दहा निवडायच्या आणि मग कॅमेऱ्यासमोर गायला नाही, गप्प बसवायचं, म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघतानाच्या सीनमध्ये. जिचा श्वास तिथं आपोआप बदलेल तिला घ्यायचं. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या कामाला मग खुशाल मोठं नाव घ्या, पोस्टरवर त्याचा फोटो टाका, तिकिटं त्याच्यावर विका.